गच्चीवरील औषधी बाग : रोपाआधी विचार भाराचा आणि पाण्याचा

नवी दिल्ली : पावसाळा तोंडावर आला की देशभरातील रोपवाटिकांमध्ये तुळस, पुदिना, गवती चहा, कोरफड आणि पानओव्याच्या रोपांना मागणी वाढते. सदनिकांत राहणाऱ्या कुटुंबांसाठी ही रोपे सोयीची आहेत, कारण त्यांपैकी बहुतेकांना एक वीतभर खोल माती पुरते. मात्र अशा बागेचे यश कोणती रोपे निवडली यापेक्षा ती कोठे आणि कशात लावली यावर अधिक अवलंबून असते.

पहिला प्रश्न भाराचा. भारतीय मानक ब्यूरोच्या संहितेनुसार, वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो इतका वापराचा भार गृहीत धरला जातो. बागेच्या ओल्या मातीचा १५ सेंटीमीटर जाडीचा थर तेवढ्याच जागेवर अडीचशे किलोंहून अधिक भार टाकतो. गच्चीवर थेट वाफे बांधून माती भरणे त्यामुळे धोक्याचे ठरते; जुन्या इमारतीत तर स्थापत्य अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय तसे करूच नये. याउलट दहा इंची कुंडी ओल्या मातीसह साधारण १५ किलोंची होते. अशा पाच-सहा कुंड्या एका चौरस मीटरमध्ये मावतात आणि मर्यादाही ओलांडत नाहीत. मातीत कोकोपीट आणि गांडूळखत मिसळल्यास वजन आणखी घटते. कुंड्या गच्चीच्या मध्यभागी न मांडता भिंती आणि तुळयांच्या कडेने ठेवणे इष्ट. सज्जाच्या कठड्यावर तर कुंडी ठेवूच नये.

दुसरा प्रश्न पाण्याचा. कुंडी थेट फरशीवर टेकवली की तिच्या तळाचे छिद्र बंद होते, मुळे कुजतात आणि खाली सतत ओल राहून स्लॅबमध्ये पाणी झिरपते. गच्चीच्या बागेवरून शेजाऱ्यांत होणाऱ्या वादाचे मूळ बहुधा येथेच असते. विटांवर किंवा लोखंडी घडवंचीवर कुंडी उचलून ठेवली तर दोन्ही टळते. कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी हा डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांचा नेहमीचा आसरा आहे. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा बशा रिकाम्या करून घासल्या पाहिजेत. नुसते पाणी ओतून दिल्याने कडेला चिकटलेली अंडी जात नाहीत.

उन्हाबाबत सर्रास दिला जाणारा ‘रोज सहा तास ऊन’ हा सल्ला भारतातील मे महिन्याला लागू पडत नाही. तापलेल्या स्लॅबवर कुंडीतील मुळे भाजून निघतात. तेव्हा हिरवी जाळी बांधून दुपारचे ऊन अडवावे लागते. उत्तर भारतात अडचण हिवाळ्याचीही असते. कडाक्याच्या थंडीत तुळस करपते, म्हणून तेथील घरांत तिच्यावर रात्री कापड पांघरले जाते. रोझमेरी आणि थाइम या भूमध्य समुद्राकाठच्या, कोरड्या उन्हाळ्याला सरावलेल्या वनस्पती. निलगिरीच्या थंड हवेत त्या रुजल्या. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसात मात्र आडोशाशिवाय त्यांचा निभाव लागणे कठीण.

कोथिंबिरीला सोटमूळ असल्याने तिचे रोप उपटून दुसरीकडे लावलेले तिला सोसत नाही. धणे हलक्या हाताने रगडून, दोन फाका करून, ज्या कुंडीत वाढवायचे तिथेच पेरावेत. उन्हाळ्यात ती पाने धरण्याआधीच फुलावर येते. म्हणून मैदानी प्रदेशात ऑक्टोबरपासून दर पंधरवड्याला थोडी थोडी पेरणी करणे चांगले. पुदिना बाजारातून आणलेल्या जुडीच्या काड्यांपासूनही येतो, पण त्याला स्वतंत्र कुंडी द्यावी, अन्यथा त्याची जमिनीखालून पसरणारी खोडे शेजारच्या रोपांना जागा उरू देत नाहीत. तुळशीच्या मंजिऱ्या खुडण्याची घरोघरची पद्धत वनस्पतिशास्त्राला धरूनच आहे. बी धरू लागलेले रोप नवी पाने देणे कमी करते. गवती चहाचा जुना ठोंब फोडला की नवी रोपे मिळतात.

वनस्पतीची ओळख हा यातील सर्वांत गंभीर भाग. आयुष मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आयुष आपके द्वार’ ही मोहीम सुरू करून वर्षभरात ७५ लाख घरांत औषधी रोपे पोहोचवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. या रोपांत तुळस आणि गवती चहाबरोबर अशोक, आवळा, सर्पगंधा आणि गुळवेलही होती. अशोक आणि आवळा हे वृक्ष. सज्जातील कुंडीत ते नावापुरतेच राहतात. सर्पगंधेच्या मुळांत रक्तदाब उतरवणारे प्रभावी द्रव्य असल्याने तिचा वापर घरच्या घरी करण्यासारखा नाही.

गुळवेलीबाबतचा वाद त्याच वर्षी पुढे आला. करोनाकाळात तिचा काढा घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले. त्यावर, वापरलेल्या वनस्पतीची शास्त्रीय ओळख पटवली गेली नव्हती, असा आक्षेप मंत्रालयाने घेतला आणि गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगितले. ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ही दिसायला सारखी, पण अपायकारक ठरू शकणारी जात तिच्या जागी वापरली जाण्याचा धोकाही मंत्रालयाने निदर्शनास आणला. दोन्हींची पाने हृदयाच्या आकाराची असल्याने पानांवरून फसगत होते. क्रिस्पाच्या करड्या खोडावर दाट गाठी असतात व ते कापल्यास दुधासारखा स्राव येतो. खऱ्या गुळवेलीचे खोड हिरवट असून त्यावर अशा गाठी नसतात. यकृताचा विकार असलेल्यांनी मात्र खात्रीची गुळवेलही वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये.