लहान कोष्टक, मोठी लिपी

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवर नाते नावाचे गाव आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली याच गावी झाला. ‘नाते’ हा शब्द लिहावयास अगदी सोपा. ‘रिझर्व्ह’ हा शब्द त्या मानाने अवघड. कारण त्यात र, व आणि ह ही तीन व्यंजने एकमेकांना बिलगलेली आहेत. संगणक मात्र हे दोन्ही शब्द सारख्याच सहजतेने लिहितो. हे त्याला कसे साधते?

संगणकाला अक्षरे ओळखता येत नाहीत. त्याला केवळ अंक कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक ठरवून द्यावा लागतो. ‘नाते’ हा शब्द संगणकात २३४४, २३६६, २३४० आणि २३७५ अशा चार अंकांनी साठविला जातो. पहिला अंक ‘न’चा, दुसरा कान्याचा, तिसरा ‘त’चा आणि चौथा मात्रेचा. हे अंक सर्व यंत्रांत एकच असावे लागतात. पूर्वी निरनिराळे उत्पादक मराठी अक्षरांना आपापल्या सोयीने निरनिराळे क्रमांक देत असत. त्यामुळे एका यंत्रावर लिहिलेले पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडले, तर पुष्कळदा निरर्थक चिन्हांची रांग दिसे. ही अडचण दूर करण्यासाठी सर्वांनी मान्य केलेले नियम लागतात. अशा नियमांना ‘मानक’ म्हणतात.

आता प्रश्न असा, की क्रमांक द्यावयाचे तरी किती? मराठीत ३४ व्यंजने आहेत. त्यांतील दोन-दोन व्यंजने जोडली, तर १,१५६ जोड्या होतात. तीन-तीन जोडली, तर ३९,३०४ होतात. त्यांपैकी बहुतेक जोड्या कधीच वापरात येत नाहीत, हे खरे; परंतु उद्या कोणता नवा शब्द भाषेत येईल, हे आज कोणी सांगावे? प्रत्येक जोडाक्षराला क्रमांक देऊ लागल्यास कोष्टक अवाढव्य होईल आणि तरीही ते अपुरेच राहील.

भारतातील तज्ज्ञांनी यावर एक सुंदर तोड काढली. क्रमांक फक्त मूळ अक्षरांना व चिन्हांना द्यावयाचे आणि त्यांतच पाय मोडण्याच्या चिन्हालाही एक क्रमांक द्यावयाचा. मग ‘क’चा पाय मोडून त्यापुढे ‘ष’ ठेवला, की ‘क्ष’ तयार होतो. भारतीय लिप्यांसाठी केलेले ‘इस्की’ हे मानक याच तत्त्वावर उभे होते. पुढे १९९१ साली ‘युनिकोड’ या जागतिक मानकाची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या १९८८ मधील आवृत्तीवरून घेण्यात आली. त्या मुख्य कोष्टकात जागा आहेत अवघ्या १२८. परंतु त्यांतून हजारो जोडाक्षरे घडविता येतात.

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. नाते गावाच्या आसपास दऱ्या आहेत, दर्या नाही! हा भेद दाखविण्यासाठी मराठीत अर्ध्या ‘र’चे निराळे रूप लागते. दक्षिणेकडील भाषांतील एक उच्चार दाखविण्यासाठी टिंब असलेला ‘ऱ’ कोष्टकात होताच. त्याचाच पाय मोडला असता मराठीचे हे रूप उमटावे, अशी योजना झाली. नवी जागा न अडविता गरज भागली.

कधी कधी मात्र नवीन भर घालणे आवश्यकच ठरते. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी लागणारे ‘ॲ’ हे अक्षर मूळ कोष्टकात नव्हते. २००८ साली २४१८ या मोकळ्या क्रमांकावर त्याला जागा मिळाली. २००९ साली महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेतही ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना स्थान दिले. कोष्टकात रिकाम्या जागा राखलेल्या होत्या, म्हणूनच जुने काहीही न मोडता हे करता आले.

तथापि, भर घालताना फार जपावे लागते. एकदा दिलेला क्रमांक बदलावयाचा नाही किंवा काढून घ्यावयाचा नाही, असा युनिकोडचा नियम आहे. तो मोडला, तर जुने दाखले, पत्रे व पुस्तके वाचता येणार नाहीत. आज अविचाराने घातलेली भर पुढील सर्व पिढ्यांना वागवावी लागते.

संगणकाला आज्ञा देण्यासाठी ज्या भाषा रचल्या जातात, त्यांनाही हाच विचार लागू पडतो. १९७५ साली अमेरिकेत ‘स्कीम’ नावाची अशी एक भाषा तयार झाली. १९९८ साली तिचे सर्व नियम सुमारे ५० पानांत मावत होते. २००७ साली नवी आवृत्ती निघाली, ती पुष्कळच मोठी होती, आणि अनेक जाणकारांनी ती स्वीकारली नाही. तेव्हा २००९ साली भाषेचे दोन भाग करण्याचे ठरले: एक लहान, सर्वांना पेलणारा, आणि दुसरा मोठा, त्या लहान भागाच्या पायावर उभारावयाचा. लहान भागाचे नियम २०१३ साली पूर्ण झाले.

पाया आटोपशीर असेल, तर त्यावर नवे मजले चढविता येतात. म्हणून मानक घडविणाऱ्यांनी प्रत्येक नव्या मागणीच्या वेळी आधी एक प्रश्न विचारावा लागतो: जे हवे आहे, ते जवळ आहे त्यातूनच घडविता येईल काय? येत असेल, तर तसे घडवावे. येत नसेल तरच नवी जागा द्यावी.