रात्री दोन वाजता वृद्धाश्रमात कोण जागे असते?

आईवडिलांसाठी वृद्धाश्रम पाहावयास जाणारी मंडळी बहुधा रविवारी सकाळी जातात. पांढऱ्या चादरी, पुढची बाग, फळ्यावर लिहिलेला आठवड्याचा आहार आणि संचालकांचे अगत्य पाहून त्यांचे समाधान होते. यातले काही खोटे असते असे नाही. परंतु तेथील वृद्ध सुरक्षित आहेत की नाहीत, हे रविवारच्या सकाळी कळत नाही. ते रात्री कळते.

स्कॉटलंडमधील रोझपार्क या वृद्धनिवासाचे उदाहरण या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे. ३१ जानेवारी २००४ च्या पहाटे तेथील एका कपाटात विजेच्या दोषामुळे आग लागली. आग फार पसरली नाही. पसरला तो धूर. झोपण्याच्या खोल्यांचे दरवाजे उघडे असल्याने तो आत शिरला आणि चौदा वृद्ध मृत्युमुखी पडले. धोक्याची घंटा वेळेवर वाजली होती. परंतु आग नेमकी कोठे आहे हे रात्रपाळीच्या सेविकांना उमगले नाही आणि अग्निशमन दलाला दूरध्वनी जाईपर्यंत सुमारे नऊ मिनिटे गेली. पुढे झालेल्या न्यायालयीन चौकशीचा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला: आगीच्या वेळी काय करावयाचे याची नीट आखलेली योजना असती, तर यातील काही किंवा सर्व मृत्यू टळू शकले असते. उपकरणे नव्हती असे नाही, सराव नव्हता. आपल्याकडेही १ जानेवारी २०२३ रोजी दिल्लीतील ग्रेटर कैलास भागातल्या एका ज्येष्ठनिवासात पहाटे आग लागून दोन वृद्ध महिला दगावल्या.

आपल्या इमारतींत आणखी एक धोका असतो. चोरांच्या भीतीने प्रत्येक खिडकीला लोखंडी ग्रिल बसविलेले असते, रात्री खालच्या जाळीदार दरवाजाला कुलूप लागते आणि किल्ली पहारेकऱ्याच्या खिशात राहते. एकदा एका आजारी आजींना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी पहाटेच एका आश्रमात पोहोचलो. पहारेकरी चहा प्यायला गेला होता. मी दहा मिनिटे बाहेर उभा राहिलो. आत तीसहून अधिक वृद्ध होते आणि आतल्या सेविकेकडे दुसरी किल्ली नव्हती. मी बाहेर होतो म्हणून ती केवळ गैरसोय ठरली.

आग ही क्वचित घडणारी गोष्ट. पडणे मात्र रोजचे, आणि तेही पुष्कळदा रात्री लघवीला उठताना. पलंग इतका उंच की पाय जमिनीला टेकत नाहीत, वाटेत मंद दिवा नाही, शौचालयात धरावयास दांडी नाही, फरशी ओली. मग खुब्याचे हाड मोडावयास वेळ लागत नाही. यावर काही ठिकाणी सोपे उपाय योजले जातात: वृद्धाला पलंगाला बांधणे किंवा झोपेची गोळी देणे. दोन्ही घातक आहेत. बांधलेला मनुष्य सुटण्याच्या धडपडीत अधिक जखमी होतो आणि गोळीच्या गुंगीत उठलेला हमखास तोल गमावतो.

अंथरुणाला खिळलेल्यांचे काय? शय्याव्रण होऊ नयेत म्हणून त्यांना साधारणपणे दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. समजा, असे आठ जण आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात प्रत्येकाला चारदा, म्हणजे एकूण बत्तीस वेळा वळवावयाचे. एका खेपेस कपडे बदलण्यासह दहा मिनिटे धरली, तरी पाच तासांहून अधिक काम झाले, आणि त्याला बहुधा दोन माणसे लागतात. तेथे एकच सेविका असेल आणि तीही दिवसपाळी करून थांबलेली, तर सकाळी नोंदवहीत काय लिहिलेले असेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. दोष तिचा नव्हे. आश्रमाला पंखे आणि चाकाच्या खुर्च्या देणारे दाते भेटतात, त्यांवर नावही घालता येते. रात्रपाळीच्या सेविकेचा पगार देणारा दाता मी तरी अजून पाहिलेला नाही. आपल्या धर्मभगिनींच्या संस्थाही याला अपवाद नाहीत.

कायदा येथे कितपत साहाय्य करतो? आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण आणि कल्याण यासंबंधीच्या २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम उभारण्याची कल्पना मांडली आणि त्यांची मानके ठरविण्याचे काम राज्यांकडे सोपविले. खासगी आश्रमांनाही नोंदणी व किमान मानके लागू करण्याची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. आगीपुरता मात्र महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावयाचे असते. ते दाखवा म्हणण्यात संकोच कसला? मुलीचे स्थळ पाहताना आपण याहून नाजूक प्रश्न विचारतो.

परदेशी असलेल्या मुलांनी तर हे काम गावातील एखाद्या नातेवाइकावर आवर्जून सोपवावे. प्रमाणपत्राखेरीज रात्रीच्या सेविका किती, दुसरी किल्ली कोठे, शेवटचा अग्निसराव कधी झाला, औषधांच्या गोळ्या नावानिशी ठेवलेल्या आहेत की एकाच वाटीत, इतके विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो. आणि दुसरी भेट, व्यवस्थापकांना सांगून, रात्री नऊनंतर घ्यावी. आईच्या उशाशी बसून घंटा दाबावी आणि कोण येते, किती मिनिटांनी येते, हे घड्याळात पाहावे.