मुलींची सीट वेगळी, मुलींची फी वेगळी

आजचा एपिसोड अ‍ॅडमिशनच्या धावपळीत असलेल्यांसाठी. आणि कँटीनमध्ये बसून "ती काय, मुलींच्या कोट्यातून आलीय" असं बोलणाऱ्यांसाठी तर खासच.

आधी आयआयटी घेऊ. 2016 च्या सुमारास तिथे बीटेकला येणाऱ्या शंभरात मुली जेमतेम आठ. म्हणून 2018 पासून मुलींसाठी जादा सीट्स काढल्या. जादा म्हणजे कुणाच्या ताटातली पोळी उचलली नाही, पोळ्याच जास्त लाटल्या. मुलांना मिळू शकणाऱ्या सीट्स तेवढ्याच ठेवून मुलींचं प्रमाण 2018 ला 14, 2019 ला 17 आणि 2020 ला 20 टक्क्यांवर न्यायचं ठरलं.

आता गंमत बघा. जोसाच्या वाटपात मुलीचा नंबर आधी 'फक्त मुलींसाठी'च्या सीट्समध्ये बघतात. तिथे नाही लागला तर सर्वांसाठीच्या सीट्समध्ये. म्हणजे एकदम वरच्या रँकची मुलगीसुद्धा कागदावर मुलींच्या सीटवरच दिसते! 2024 च्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये मुलींत पहिली आलेली देशात सातवी होती. मुंबईचं कॉम्प्युटर सायन्स सर्वांसाठीच्या सीट्सवर साधारण 60-70 रँकला बंद होतं. तिचं कुठे काय अडलं असतं? खालच्या रँकांत मुलींचा कटऑफ बराच उतरतो, हे खरंय. त्यासाठीच तर सीट्स काढल्या. पण सीटचा प्रकार वाचून कुणाची लायकी ठरवत असाल, तर तुम्हाला ही सिस्टिम कळलेली नाही.

बरं, सीट मिळाली. फीचं काय? आयआयटीत फीमाफी मुलगा-मुलगी बघून नाही, घरचं उत्पन्न बघून मिळते. वर्षाला एक लाखाच्या आत उत्पन्न असेल तर ट्यूशन फी पूर्ण माफ, एक ते पाच लाखांत दोन तृतीयांश माफ. एससी, एसटी आणि दिव्यांगांना पूर्ण माफ. पण ज्या घरात पैसे एकाच्याच इंजिनिअरिंगपुरते आहेत, तिथे भाऊ की बहीण हे बहुतेक वेळा फॉर्म भरायच्या आधीच ठरलेलं असतं. त्या घरात नुसती सीट पुरत नाही.

महाराष्ट्राने नेमका इथे हात घातलाय. कॅपमध्ये मुलींना 30 टक्के जागा आधीपासून आहेत, कटऑफच्या यादीत एल अक्षराने सुरू होणारे कोड दिसतात ना, त्या. त्यात 8 जुलै 2024 च्या जीआरने भर घातली. ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीतली मुलगी, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत, प्रवेश कॅपमधून, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी निम्मं माफ होतं. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही.

आता ऑप्शन फॉर्म. टीएफडब्ल्यूएस माहितीच असेल: मंजूर जागांच्या वर पाच टक्के सीट्स, आठ लाखांची अट, मेरिटवर मिळतात, ट्यूशन फी माफ. सगळ्यांच्याच उड्या पडतात, म्हणून कटऑफ चढा. बऱ्याच मुली फी वाचवायला दुय्यम कॉलेजची टीएफडब्ल्यूएस सीट चांगल्या कॉलेजच्या साध्या सीटच्या वर टाकतात. ताई, तू जीआरमध्ये बसत असशील तर साध्या सीटवरही ट्यूशन फी माफच आहे! मग कॉलेज आणि ब्रँच बघून क्रम लाव. जीआरमध्ये न बसणाऱ्या ओपनमधल्या मुलीला मात्र टीएफडब्ल्यूएस अजूनही सोन्यासारखी.

आणि घरी "सगळं फुकट आहे" असं सांगू नका. होस्टेल, मेस, लॅपटॉप यातलं काहीच या माफीत नाही. गावाकडून पुण्याला येणाऱ्या मुलीचा मोठा खर्च तोच. त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता आहे, एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे. प्रगतीत वर्षाला 50 हजार, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. पण दुसरी शिष्यवृत्ती चालू असेल तर तिचे नियम आधी नीट वाचा. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला आत्ताच काढायला टाका. कॅप सुरू झाली की सेतू केंद्रावर रांग दारापर्यंत येते.