पापणीवरचा तांबडा डाग

तान्ह्या मुलाच्या पापणीवर तांबडा ठिपका दिसला, की घरातील वडीलधारी मंडळी त्याच्या आईने गर्भारपणी ग्रहणात काय चिरले याची चौकशी मांडतात, आणि ती आटोपली म्हणजे 'मोठेपणी आपोआप जाईल' असा निर्वाळा देऊन मोकळी होतात. ग्रहणाचा आरोप सर्वस्वी निराधार आहे. निर्वाळा मात्र बहुतांशी खरा आहे, आणि बहुतांशी खरा असल्यामुळेच तो अधिक घात करतो.

तांबडे डाग एका जातीचे नसतात. जन्मतःच पापण्यांवर दिसणारी आणि मूल रडू लागले की गडद होणारी फिकट गुलाबी छटा वर्षा-दोन वर्षांत विरते. द्राक्षासवाच्या रंगाचा सपाट डाग मात्र जन्मभर टिकतो. लेसरने तो उजळतो, पण पापणीवर असल्यास काचबिंदूचा संभव असल्याने नेत्रतपासणीत हयगय चालत नाही. तिसरा प्रकार हेमँजिओमाचा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या गाठीचा. ही गाठ बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उगवते, पाच महिन्यांपर्यंत झपाट्याने फुगते आणि पुढे काही वर्षांच्या संथ मुदतीत ओसरते. दंडावर वा पाठीवर असलेल्या लहानशा गाठीची अशी वाट पाहिल्याने सहसा काही बिघडत नाही.

पापणीची गोष्ट निराळी. डोळा जन्मतः तयार असला तरी पाहण्याची विद्या मेंदूला शिकावी लागते, आणि त्या विद्येचे ऐन दिवस म्हणजे नेमके गाठ फुगण्याचे दिवस. गाठीच्या भाराने पापणी बाहुलीवर उतरली तर प्रकाशच अडतो. ती उतरली नाही तरी दाबाने बुबुळाचा गोलावा बिघडून प्रतिमा अस्पष्ट उमटते, आणि एका डोळ्याकडून असा अस्पष्ट मजकूर वारंवार येऊ लागला म्हणजे मेंदू त्याची दखल घेणेच सोडून देतो. पुढे गाठ खरोखरच आपोआप जाते. आळशी झालेला डोळा तेवढा मागे राहतो.

यावरचा आजचा इलाज अनपेक्षितपणे हाती लागला. प्रोप्रानोलॉल हे हृदयविकारावरील औषध. ते शोधून काढणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना 1988 साली नोबेल पारितोषिक मिळाले. फ्रान्समधील बोर्दो येथे नाकावर अशी गाठ असलेल्या एका बालकाला स्टेरॉइड चालू असता हृदयविकार जडला, म्हणून त्याला हे औषध दिले, तो दुसऱ्याच दिवशी गाठीचा लाल रंग जांभळट होऊन ती मऊ पडली. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 11 बालकांची हकीकत 2008 साली प्रसिद्ध केली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांच्या उपचाराने 60 टक्के बालकांच्या गाठी पूर्णपणे वा जवळजवळ पूर्णपणे नाहीशा झाल्या, तर औषधाविना केवळ 4 टक्क्यांच्या. उथळ, लहान गाठीवर याच वर्गातील टिमोलॉलचे थेंबही वरून लावतात. पूर्वी पापणीतील गाठीत स्टेरॉइडची सुई टोचीत. तिने क्वचित दृष्टिपटलाची रक्तवाहिनी बंद होऊन डोळाच जाई, हे आठवले म्हणजे या योगायोगाचे मोल कळते.

औषध स्वस्त असले तरी घरगुती नव्हे. त्याने नाडी मंदावते, रक्तातील साखर उतरते, दमेकरी बालकाला श्वास लागू शकतो. म्हणून मात्रा डॉक्टरांनीच वजनावरून ठरवावी, ती मुलाला पाजल्यावरच द्यावी, आणि मूल दूध पीत नसेल वा उलट्या करीत असेल त्या दिवशी थांबवून डॉक्टरांना कळवावे. गाठीमुळे डोळा मंदावलाच असेल तर चष्मा किंवा चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी, हा जोडउपचार करावा लागतो.

पापणीवर असा वाढता डाग दिसल्यास पहिला महिना सरण्याच्या आत मूल नेत्रतज्ज्ञाला दाखवावे, आठवड्याला एकाच उजेडात त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि निदान तोवर तरी त्यावर काजळ फासू नये.