अडीच रुपयांचा भाव

पहाटे 5.45

तलासरी तालुक्यातला एक पाडा. ऑक्टोबर महिना. भात पिवळं पडायला लागलंय, माळावरचं गवत कंबरेला लागतंय. कुडाच्या भिंतीला टेकून ताई कोरा चहा पिते. पाड्यावर तिला सगळे ताईच म्हणतात. पिशवीत वही, दोरी आणि एक ताणकाटा.

ताई खेळ बनवते. पुठ्ठ्यावरचा, चार-पाच जणांनी जमिनीवर बसून खेळायचा. विषय आहे 1945 चा वारल्यांचा गवतकापणीचा संप. काम एका संस्थेने दिलंय. 12 हजार रुपये, तीन हप्त्यांत. जाणं-येणं, पुठ्ठा, छपाई, सगळं त्यातूनच भागवायचं.

6.30

माळावर चार बाया आणि एक आजोबा विळे घेऊन आलेत. गवतातलं दव पोटऱ्यांपर्यंत भिजवतं. डाव्या हातात मूठ धरायची, उजव्या हाताने विळा बुडाशी ओढायचा. मुठींची पेंढी, पेंढ्यांचा भारा. ताईही विळा घेते. थोड्याच वेळात तिच्या बोटांवर बारीक चिरा दिसायला लागतात. गवताच्या पात्याला धार असते.

किसान सभेची त्या वेळची मागणी होती, 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये. ही मागणी पुस्तकात एका ओळीत संपते. ताईला तिचं वजन हवंय. खेळात गवताच्या सोंगट्या किती ठेवायच्या, हे त्याच्यावर ठरणार. आतापर्यंत तिने पाच धरल्या होत्या, हाताळायला सोप्या म्हणून.

भारा बांधून होतो. दोघी मिळून तो ताणकाट्याला टांगतात. 21 किलो. 500 पौंड म्हणजे जवळजवळ 227 किलो. असे अकरा भारे होतात. वहीतला पाच खोडून ती अकरा लिहिते. खेळ लांबेल, हे तिला कळतं. लांबू दे, म्हणते.

9.40

डहाणूची जीप. माणशी 50 रुपये. दोघांच्या जागेत तिघं बसलेत. ताईच्या मांडीवर वही उघडी आहे.

मुलांना तिने कुठला खेळ येतो म्हणून विचारलं होतं. सगळ्यांना 'व्यापार' माहीत. जागा घ्या, घर बांधा, भाडं वसूल करा, बाकीच्यांना कंगाल करा. त्या जातीच्या खेळाचं मूळ अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या खेळात आहे. 1904 मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. जमीनमालकाकडे पैसा कसा साचत जातो, हे लोकांना दिसावं म्हणून त्यांनी तो केला होता. पुढे त्यांनी नियमांचे दोन संच दिले. एकात मालक गब्बर होतो, दुसऱ्यात कमाई सगळ्यांच्या वाट्याला येते. जगभर गेला तो पहिला संच. ताईला याचं फार वाईट वाटतं, आणि मला ते रास्त वाटतं.

10.45

डहाणू. स्टेशनजवळचं स्टेशनरीचं दुकान. पुठ्ठ्याचे दोन ताव, 90 रुपये. फेविकॉल 20. कटरची पाती 30. शेजारी रंगीत छपाई, सहा पानं, पानाला 20. किराणा दुकानातून अर्धा किलो वाल, 70 रुपये. वाल म्हणजे खेळातलं धान्य. चिंचोके घरचेच, त्यांना पैसे नाहीत.

दुकानदार सल्ला देतो, 'वारली पेंटिंग टाका वर, लगेच खपेल.' ताई सुटे पैसे मोजून घेते.

डहाणू तालुक्यातल्याच गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. आज ती त्रिकोणी माणसं कपांवर, पिशव्यांवर नाचतात. ताईच्या पटावर माणसं आहेत, पण नाचत नाहीत. त्यांच्या डोक्यावर भारे आहेत.

दुपारी 2.15

पुन्हा पाड्यावर. ओट्यावर पुठ्ठा पसरलाय. स्टीलची पट्टी दाबून धरायची, पातं तीनदा फिरवायचं, मग पुठ्ठा स्वच्छ तुटतो. घाई केली की कड फाटते. अंगठा दुखतो.

पटाचं पहिलं घर लग्नाचं आहे. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघांनाही त्याच्याकडे राबावं लागायचं. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटायचं नाही, राबणं सुटायचं नाही. त्या घरात ताईने लग्नचौक काढलाय. लग्नात भिंतीवर काढतात तो, पालघट देवीचा.

शेजारची आजी येऊन बघते. बराच वेळ बघते.

'चौक देवीचा आहे, पोरी. त्यावर दाणे टाकून खेळत नाहीत.'

'नाही खेळत, आजी.'

ताई त्या घरावर कोरा कागद चिकटवते आणि नुसतं 'लग्न' लिहिते. छापलेलं एक पान वाया गेलं. ते गेलंच पाहिजे होतं.

5.30

माणसं कामावरून परततात. जोहार होतात. पाच जण खेळायला बसतात, बाकीचे भोवती.

प्रत्येकापुढे वाटीत वाल. दर फेरीला हात पाठीमागे न्यायचा आणि मूठ पुढे करायची. मुठीत चिंचोका असेल तर कामावर जायचं नाही. मूठ रिकामी असेल तर जायचं. सगळ्यांच्या मुठीत चिंचोका निघाला तर भाव एक घर वर चढतो. एकानेही कापलं तर भाव तिथेच. कापणाऱ्याला दोन वाल मिळतात, बाकीच्यांच्या वाटीतला एक कमी होतो. फासा नाही. ताईने तो मुद्दाम ठेवलेला नाही. मजुरी काही नशिबाने ठरत नव्हती, ठरवणारी माणसं होती.

आणि डाव पटकन संपतो. पाचही जण आपसात बोलतात, पाचही मुठींत चिंचोके. भाव सरळ अडीच रुपयांवर. मुलं टाळ्या वाजवतात. ताई मात्र गप्प.

सकाळचे आजोबा वाट्यांकडे बोट दाखवतात. 'सगळ्यांच्या घरात सारखे दाणे होते, असं कुणी सांगितलं तुला?'

6.20

वाटप बदलतं. एकाकडे नऊ वाल, एकाकडे तीन. तीनवालीला दोन पोरं आहेत, असं कार्ड. अफवेचंही एक कार्ड येतं. खेळणाऱ्याने ते एकट्याने वाचायचं, खरं की खोटं ते ठरवायचं.

आता मुठी लवकर उघडत नाहीत. तीनवालीची मूठ रिकामी निघते. ओट्यावर एकदम शांतता. मग नऊवाला आपल्या वाटीतले तीन वाल उचलून तिच्या वाटीत टाकतो. नियमांत हे कुठेच नव्हतं. सगळे ताईकडे बघतात. ताई वहीत लिहिते, 'वाल देता येतात.'

8.00

राहिला गोळीबार. ऑक्टोबर 1945 मध्ये तलवाड्याला अफवा पसरवून लोकांना जमवलं गेलं. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. संस्थेचं म्हणणं, त्याचं कार्ड करा, ज्याच्या हाती येईल तो डावाबाहेर.

ताईने नकार दिलाय. त्या माणसांचं मरण कुणाच्या पत्त्यात येणार नाही. पटाच्या कडेला जेठ्या गांगड यांचं नाव आणि साल असेल. भाव वर चढताना सोंगटी त्या नावाजवळून जाईल. डाव तिथे थांबवायचा की नाही, ते खेळणाऱ्यांनी ठरवायचं. मला हा या खेळातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो.

9.15

दिव्याखाली हिशेब. जीप 100, पुठ्ठा 90, छपाई 120, फेविकॉल 20, पाती 30, वाल 70. एकूण 430 रुपये. दिवसाची मजुरी ती लिहीत नाही, तिसरा हप्ता आला की कळेल म्हणते.

वाल आजीकडे दिलेत. उद्या शिजतील. खेळासाठी परत आणावे लागतील, 70 रुपयांचे.