कौलाची बंदी उठली, पत्र्याची भट्टी उरली

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांचा पाचवा खंड महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केला. त्यातील 'आऊटसाईड द फोल्ड' या प्रकरणात गावगाड्याने अस्पृश्यांवर लादलेल्या नियमांची यादी बाबासाहेबांनी दिली आहे. अस्पृश्याने नाव हलके ठेवावे, स्वच्छ कपडे घालू नयेत, अंगावर सोने-चांदी मिरवू नये. याच यादीत आणखी एक नियम आहे आणि त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. अस्पृश्याच्या घरावर कौले असता कामा नयेत! हीनत्वाची खूण लांबूनही ओळखू यावी, म्हणून घराचे छप्परसुद्धा मनुवादी व्यवस्थेने ठरवून दिले होते.

२६ जानेवारी १९५० रोजी भारतीय राज्यघटना लागू झाली. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि कौलाची बंदीही कायद्याने संपली. पण आज कोणत्याही तालुक्यातील बौद्धवाड्यात, मातंग वस्तीत किंवा शहरातील झोपडपट्टीत जाऊन वर पाहा. काय दिसते? पत्रा! कौलाला वासे-रिपा लागतात, दरवर्षी कौले चाळावी लागतात. पत्रा एका दिवसात चढतो आणि हातावर पोट असणाऱ्याला तोच परवडतो. बंदी उठली, पण तिने पिढ्यान्पिढ्या पोसलेले दारिद्र्य उठले नाही.

या पत्र्याखाली एप्रिल-मे महिन्यांत काय होते, हे विदर्भ-मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. चंद्रपूर, नागपूर, अकोला येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हवामान खात्याचा हा पारा सावलीतल्या हवेचा असतो. उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि ती उष्णता थेट खाली माणसांच्या अंगावर फेकतो. पंखा लावला तरी तो तीच गरम हवा फिरवतो. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा निघून तरी जाते. बंद पत्र्याखाली ती कोंडून राहते.

घरकुलाच्या सिमेंट स्लॅबची तऱ्हा वेगळी. तो दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते घरात सोडत राहतो. पुरुष गच्चीवर किंवा ओट्यावर झोपतात. पण बाळंतीण, वयात आलेली मुलगी, अंथरुणाला खिळलेली म्हातारी यांनी कुठे जायचे? चुलीपुढे बसणाऱ्या माउलीला वरून छप्पर भाजते आणि समोरून चूल. दहावी-बारावीची पोरे याच छपराखाली परीक्षेचा अभ्यास करतात. दिवसभर वीटभट्टीवर राबलेल्या मजुराचे शरीर रात्री थंड झाले नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याला ऊन लागण्याचा धोका वाढतो.

हे केवळ गैरसोयीचे प्रकरण नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. नेहमीच्या तुलनेत त्या महिन्यात १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. त्या अनुभवानंतर अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्माघाताविरुद्ध कृती आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. शेजारच्या तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरण जाहीर करून सरकारी इमारतींना ते सक्तीचे केले.

सरकारला छपराचे शास्त्र नवे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तेराव्या कलमात कामगाराला उष्णतेचा त्रास होऊ नये म्हणून भिंती आणि छप्पर कसे असावे हे सांगितले होते. छपराला पांढरा रंग देणे, पाणी मारणे, दुहेरी छप्पर घालून मध्ये हवेची पोकळी ठेवणे, असे उपायही त्यात लिहिले होते. केंद्राने २०१८ साली 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात घराच्या छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घालून दिली आहे. पण ही संहिता लागू कोणाला? ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींना! आणि आमचे घरकुल किती? २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. ज्याला वातानुकूलन यंत्र परवडते त्याच्या छताची काळजी संहितेला आहे. ज्याच्याकडे फक्त पंखा आहे, तो तिच्या हिशेबातच नाही.

इंदिरा आवास योजना १९८५-८६ साली प्रामुख्याने अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त वेठबिगारांसाठी सुरू झाली. महाराष्ट्रात २००८ नंतर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आली. माता रमाईच्या नावाच्या या घरांनी हजारो कुटुंबांना हक्काची भिंत दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण अहवालात घरे मोजली जातात, आतली उष्णता कोणी मोजत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने चमेली सिंग खटल्यात (१९९६) निवारा हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. हा खटला दलितांच्या घरांसाठी जमीन संपादन करण्यास जमीनमालकांनी घेतलेल्या हरकतीतूनच उभा राहिला होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. २०२४ साली त्याच न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्कही मान्य केला. हे दोन्ही निकाल एकत्र वाचले, तर माणूस भाजून काढणाऱ्या छपराला निवारा म्हणता येत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. रमाई आवासच्या प्रत्येक घराच्या अंदाजपत्रकात उष्णतारोधक छतासाठी स्वतंत्र रक्कम धरावी. जुन्या घरकुलांना आणि पत्र्याच्या घरांना त्यासाठी अनुदान द्यावे. ग्रामसभेत हा ठराव उन्हाळ्यापूर्वीच मांडावा.

पण शासनाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. स्लॅबवर होळीच्या सुमारास चुन्याचे दोन हात मारले, तरी घरातील उष्णता दोन-चार अंशांनी उतरू शकते. चुना पावसात धुपतो, म्हणून तो दरवर्षी द्यावा. लोखंडी पत्र्याला गंज घासून छतासाठीचा पांढरा रंग द्यावा. जुने सिमेंटचे पत्रे मात्र कोरडे घासू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे बांधावेत आणि गरम हवा जायला दोन्ही टोके उघडी ठेवावीत. तट्टे चुलीपासून लांब असावेत. थर्माकोल लावू नये, तो झटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

१४ एप्रिल ऐन उन्हाळ्यात येतो. प्रत्येक जयंती मंडळाने रोषणाईच्या खर्चातून थोडा पैसा बाजूला काढून वस्तीतील निराधार म्हाताऱ्यांची आणि विधवा भगिनींची छपरे पांढरी करून दिली, तर ते बाबासाहेबांना खरे अभिवादन ठरेल. ज्यांच्या डोक्यावर कौल नको असा हुकूम होता, त्यांच्या डोक्यावर थंड छप्पर आणणे हे चळवळीचेच काम आहे. जयभीम!