मोठ्या रात्रींचे घर

दिवाळी सरली की आमच्या ताडकळसच्या शिवारावरून वाहणारा वारा बदलतो. तूर फुलावर आलेली असते, कापसाची वेचणी सुरू असते, रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागते. डिसेंबर उजाडला की परभणीच्या कृषी विद्यापीठातला किमान तापमानाचा आकडा रोज वर्तमानपत्रात येऊ लागतो. काही वर्षी तो पाच अंशांच्याही खाली गेला आहे. मे महिन्यात चाळिशीपार ऊन सोसणाऱ्या आपल्या माणसांना ही थंडी जास्तच झोंबते, कारण आपली घरेच मुळी उन्हाळ्याच्या धाकाने बांधलेली. जुन्या माळवदाच्या घरात जाड मातीच्या भिंती दोन्ही ऋतू सांभाळून घेत. आता पत्रे आले. पत्रा दुपारी तापतो आणि मगरीबनंतर तासाभरात बर्फासारखा होतो.

मोबाईलवर हिवाळ्यातल्या सुंदर घरांची चित्रे फिरतात. मेणबत्त्या, लोकरीचे गालिचे, खिडकीबाहेर बर्फ. पाहायला छान आहेत. पण पूर्णा तालुक्यातल्या दोन खोल्यांच्या घरात, जिथे सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि सून फजरच्या आधी उठून थंड पाण्यात हात घालते, तिथे हिवाळा सजवायचा म्हणजे काय करायचे? आमच्या मते ते काम ट्रंक उघडण्यापासून सुरू होते.

ट्रंकेत जुने कपडे असतात. विटलेल्या सुती साड्या, ओढण्या, लुंग्या, मुलांचे आखूड झालेले कुर्ते. यातून वाकळ होते. तिला कोणी गोधडी म्हणेल, आमच्या घरात दादी गोदडी म्हणत. कृती सगळ्यांच्या आयांना ठाऊक आहे, पण लेकींना राहिलेली नाही, म्हणून सांगतो. कपडा धुऊन कडक उन्हात वाळवायचा, शिवणी उसवून सपाट करायचा. सर्वांत मऊ सुती साडी अंगाकडच्या बाजूला. मध्ये चार-पाच थर, त्यात फाटके तुकडे चालतात, फक्त एकावर एक जाड गाठ येऊ द्यायची नाही. नायलॉनची साडी वरून शोभते, पण ती सरकते आणि अंगाला घाम आणते, तेव्हा तिला आतच ठेवावे. मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात फिरत आत आत जात मध्यावर संपवायचा. टाका जेवढा जवळ, तेवढी वाकळ जास्त वर्षे टिकते. घाई करून लांब टाके घातले की पहिल्याच धुण्यात थर गोळा होतात. एकटीने घातली तर महिना लागतो. चौघी चार कडांना बसल्या तर आठवड्यात उरकते, आणि गप्पा होतात त्या वेगळ्याच.

कर्नाटकात कारवारच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बाया अशीच गोधडी घालतात, तिला कवंदी म्हणतात. सिद्दी मूळचे आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत. त्याही कडेपासून आत शिवत जातात. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फुले म्हणतात. फुलांशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. मुसलमान सिद्दी घरांतल्या काही कवंद्यांवर चंद्रकोरही असते. आज या कवंद्या दूरच्या देशांतल्या प्रदर्शनांत मांडल्या जातात. आपल्या वाकळा मात्र पाहुणे आले की आपण पलंगाखाली सारतो आणि बाजारातले गुळगुळीत ब्लँकेट पुढे करतो. यात आम्हाला गंमत वाटते आणि थोडे वाईटही.

वाकळ शिवताना एक मुद्दा लक्षात ठेवावा. घरातले कोणी अल्लाहला प्यारे झाले असेल तर त्यांचे कपडे आपण मायेने शिवायला घेतो. दादीची साडी अंगावर असली की दादी जवळ असल्यासारखे वाटते. पण ते कपडेही मागे राहिलेल्या मालमत्तेतच येतात, त्यात सर्व वारसांचा हक्क असतो. फुफीला, चाचांना विचारून मगच कात्री लावावी. बहुधा कोणी नाही म्हणत नाही. विचारले याचेच त्यांना बरे वाटते.

रजईची गोष्ट वेगळी. रजईला कापूस लागतो, आणि कापसाच्या या मुलखात तो पिंजणारे हात आपल्याच समाजाचे होते. पिंजारी, नदाफ, मन्सुरी अशी आडनावे आजही गावोगाव आहेत. खांद्याला मोठी कमान अडकवून, तिची तात लाकडी दस्त्याने छेडत पिंजारी दारोदार फिरत. त्या आवाजावरून मुलांना कळे की थंडी आली. आता तालुक्याच्या गावी यंत्र आहे, तासात काम होते. ते चांगलेच आहे, कारण कापसाची धूळ छातीत घेऊन त्या माणसांनी आयुष्य काढले होते. पण जुनी रजई दबली म्हणून फेकू नये. तोच कापूस उन्हात घालून पुन्हा पिंजून आणला की फुलतो. एका माणसाच्या रजईला अडीच-तीन किलो कापूस पुरतो, आणि शेत असेल तर शेवटच्या वेचणीचा, बाजारात भाव न मिळणारा कापूस त्यासाठी ठेवून द्यावा. आणखी एक, जे पांघरुणे विकत आणणारे विसरतात: थंडी वरून जेवढी लागते तेवढीच खालून, फरशीतून येते. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर तिसरे पांघरूण घालण्याआधी अंगाखाली एक वाकळ वाढवून पाहा.

सूरह नहलमध्ये अल्लाहने जनावरांपासून मिळणाऱ्या उबेची आठवण आपल्या नेमतींमध्ये करून दिली आहे. हजरत उमर (रजि.) हिवाळा आला की आपल्या अधिकाऱ्यांना लिहून कळवत, की थंडी शत्रूसारखी आहे, लोकरीचे कपडे, मोजे तयार ठेवा, असे जुन्या ग्रंथांत आले आहे. म्हणजे उबेची तयारी हा नुसता बायकांचा हौशी उद्योग नाही.

तरी घरोघर तो बायकांवरच पडतो. बंब कोण पेटवते? वजूचे पाणी सगळ्यांना गरम मिळते आणि जिने ते तापवले तिची वजू तोवर थंड पाण्याने होऊन गेलेली असते. हे आम्ही इतक्या घरांत पाहिले आहे की आता न बोलता राहवत नाही. थंडीत, जिवावर येत असताना नीट वजू करण्याचे मोठे पुण्य हदीसमध्ये सांगितले आहे. ते खरेच. पण पैगंबर (स.) घरात असत तेव्हा घरच्यांच्या कामात हात लावत आणि अजान झाली की नमाजला निघत, हेही हजरत आयेशा (रजि.) यांनीच सांगितले आहे. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला बंब पेटवता येतो. हिवाळ्याचे चार महिने ते काम त्याचे, असे ठरवून टाका. आमच्याकडे पहिला आठवडा धुराचा आणि कुरकुरीचा गेला. आता तो मोठ्या ऐटीत ओरडतो, "अम्मी, पाणी तयार आहे, आधी तुम्ही घ्या!"

शेगडीबद्दल मात्र कडक बोलावे लागेल. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवून झोपू नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात कुठून ना कुठून अशी बातमी येते. झोपताना घरात आग पेटती ठेवू नका, अशी पैगंबर (स.) यांची स्पष्ट ताकीद आहे. बाळंतिणीच्या खोलीतही शेक झाला की शेगडी बाहेर. आजीबाईंनी कितीही आग्रह केला तरी.

स्वयंपाकघराचे फार सांगत नाही, ते या दिवसांत आपोआप सजते. बाजरीच्या भाकरीवर तीळ, मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा, इतवारी पाये. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून ताजी भाजी करावी आणि उरलेली सावलीत वाळवून डब्यात भरावी, चैत्रात पातळ भाजीला उपयोगी पडते. जानेवारीत हुरडा. ज्वारी 'परभणी मोती' असो की गावठी, परभणीच्या नावाचे वाण आहे याचा आम्हाला उगाच अभिमान आहे. संक्रांतीला शेजारून तिळगूळ येतो, त्याच ताटलीतून आपल्याकडचे काही परत जाते. रिकामी ताटली परत करायची नाही, ही रीत दोन्ही घरांची एकच.

आता रात्र. हदीसच्या ग्रंथांत हिवाळ्याला मोमिनाचा वसंत म्हटल्याचे येते: दिवस लहान, म्हणून रोजा हलका. रात्र मोठी, म्हणून झोपही होते आणि नमाजही. हिवाळ्यातल्या रोजाला न लढता हाती आलेल्या लुटीची उपमा दिलेली आहे. आपल्या भागात डिसेंबरअखेरचा दिवस जेमतेम 11 तासांचा, जूनचा सव्वातेरा तासांचा. दोन तासांहून जास्त फरक, शिवाय तहान नाही. बाळंतपणामुळे, आजारपणामुळे किंवा दर महिन्याच्या कारणाने राहिलेले कजा रोजे फेडायला याहून चांगले दिवस नाहीत. सोमवार-गुरुवार धरले तरी दोन महिन्यांत पंधरा-सोळा होतात. घरातल्या दोघी-तिघींनी मिळून धरले तर सहेरीला सोबतही होते.

रमजानही आता हिवाळ्याकडे सरकतो आहे. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचे, म्हणून रमजान दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे येतो. 2030 साली तर तो जानेवारीच्या सुरुवातीला येईल आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा येईल. याआधी असे 1997 मध्ये घडले होते. ज्यांना तेव्हाच्या थंडीतल्या सहेऱ्या आठवतात त्यांना मुलांजवळ बसवावे. मोठ्या रात्री त्यासाठीच आहेत. इशानंतर अर्धा तास सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत, आणि एका वाकळेत पाय घालून गोष्टी. पहिल्या चार दिवशी मुले रुसतात. नंतर तीच टोपली घेऊन येतात.

याच बैठकीत 31 डिसेंबरच्या सुमारास प्रश्न येतो: "आपले नवीन वर्ष कोणते?" शाळेत सगळे शुभेच्छा देतात, घरी कोणी म्हणते हे आपले नाही. मूल गोंधळते. त्याला रागावू नये. रात्रभराच्या धांगडधिंग्यात आपले काम नाही, हे शांतपणे सांगता येते. पण वर्षे अनेक असतात, हेही सांगावे. शाळेचे वर्ष जूनमध्ये, बँकेचे एप्रिलमध्ये, आपले हिजरी वर्ष मोहरमला. मराठवाडा हैदराबादच्या निजामी राज्यात होता तेव्हा सरकारी कागदावर फसली सन चाले. फसल म्हणजे पीक. ते वर्ष ऑक्टोबरमध्ये, आजर महिन्यापासून सुरू होई. 1947च्या ऑक्टोबरात 1357 फसली लागले, आणि ते संपण्याआधीच सप्टेंबर 1948 मध्ये मराठवाडा भारतात आला. घरात जमिनीचे जुने उर्दू कागद असतील तर मुलांना त्यावरचा सन शोधायला लावा. पणजोबांचे नाव सापडले की मूल दुसरे काही मागत नाही.

भिंतीवर नवे कॅलेंडर लागते त्या दिवशी एक काम जरूर करावे. आपल्या जकातीची हिजरी तारीख त्यावर लाल शाईने खुणावून ठेवावी. बरीच घरे सोयीसाठी इंग्रजी वर्षाने हिशेब करतात. दर वर्षी 11 दिवसांचा फरक पडत जातो, आणि 33 इंग्रजी वर्षांत 34 हिजरी वर्षे होतात. म्हणजे आयुष्यात एक पूर्ण जकात, गरिबाच्या हक्काची, आपल्या नकळत राहून जाते. दागिने, बचत गटातले पैसे, विकलेल्या कापसाची शिल्लक, घेणे-देणे, सगळे एका वहीत लिहावे. वहीला मुलीने जुन्या ओढणीचा तुकडा चिकटवून कव्हर घातले तर वही हरवतही नाही. हिशेबाचे काही कोडे पडले तर जाणत्या आलिमांना विचारावे.

आणि ट्रंकेकडे पुन्हा वळावे. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. पाचटाच्या कोप्यांत लहान लेकरे घेऊन झोपतात, पहाटे तीन-चारला फडात असतात. इकडे गावात पहाटेच्या दवात कापूस वेचणाऱ्या बायांचे हात गारठून फुटतात. आपल्या ट्रंकेत पाहुण्यांसाठी म्हणून तीन-चार पांघरुणे वर्षानुवर्षे डांबराच्या गोळ्यांत पडून असतात. पाहुणे दोन रात्री येतात. आम्ही दरसाल एक चांगली वाकळ घरासाठी नव्हे, देण्यासाठीच घालतो. फाटकी काढून देत नाही, ती आपल्या पायपुसण्याला ठेवतो. ती द्यायची टोळीची गाडी निघण्याआधी, संक्रांतीनंतर दिली तर निम्मी थंडी उघड्यावर निघून गेलेली असते. यंदाच्या वाकळेचे मधले चार थर झाले आहेत. वरच्या थराला हिरवी साडी घ्यावी की लाल ओढणी, यावर घरात दोन तट पडले आहेत, आणि कोपऱ्यांवर सिद्दी बायांसारखी फुले लावायचीच, असा धाकटीचा हट्ट आहे.